नॅशनल मेडिकल अकॅडमी ब्रेस्ट कॅन्सरसाठी नेमकं काय करू शकते?

निशिगंध:
मावशीला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, ट्रीटमेंट चालू आहे. पण पहिल्यांदा गाठ दाखवली तेव्हा डॉक्टर म्हणाले दुखत नाही ना, मग काही नाही, आणि त्यात कित्येक महिने गेले. न दुखणारी गाठ तर आधी तपासायला हवी असं आता कळतंय, फार राग येतो. दिल्लीत नॅशनल अकॅडमी ऑफ मेडिकल सायन्सेस आहे ना, नॅम्स, एवढे मोठे डॉक्टर तिथे फेलो असतात, त्यांचं यात काही काम असतं का नुसता मान?

तालुक्याचा_डॉक्टर:
ताई, मावशींना लवकर आराम पडो. नॅम्स 1961 ची संस्था, आत्ताचं नाव 1976 पासून. ती हॉस्पिटल चालवत नाही, डॉक्टरवर कारवाईही करू शकत नाही, ते नॅशनल मेडिकल कमिशन आणि राज्याच्या मेडिकल काउन्सिलचं काम. सरकारला सल्ला देणं आणि डॉक्टरांना शिकवत राहणं हे तिच्याकडे आहे, आणि माझ्या मते घोडं तिथेच अडलंय. गाईडलाईन्स आयसीएमआरच्या (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) आहेत, नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या (देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) आहेत, पण त्या वाचतो कॅन्सरवाला, आणि बाई आधी येते ती आमच्यासारख्यांकडे. अकॅडमीने आमच्यासाठी साधं सांगावं, गाठ हाताला लागली की वय, दुखणं काही न बघता इमेजिंग (सोनोग्राफी, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे), शंका वाटली तर कोअर बायोप्सी (जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं), आणि बायोप्सीशिवाय गाठ कापायची नाही.

स्लाइड_बघणारी:
शेवटच्या वाक्याला दहादा हो! मी पॅथॉलॉजीत आहे. छोट्या ठिकाणी गाठ काढतात आणि सलाईनमध्ये नाहीतर कोरड्या डबीत टाकून दुसऱ्या दिवशी पाठवतात. ती तासाभरात 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणारं द्रावण) जायला पाहिजे, डबीवर वेळ लिहिलेली पाहिजे. उशीर झाला की ईआर, पीआर (गाठीतल्या हार्मोन रिसेप्टरच्या टेस्ट) खोटे निगेटिव्ह येऊ शकतात, म्हणजे जिला हार्मोनच्या गोळ्यांनी फायदा झाला असता तिला त्या मिळतच नाहीत. एवढ्याशा डबीवर पुढची सगळी ट्रीटमेंट ठरते हो, आणि हे शिकवायला पैसे पण लागत नाहीत.

रानजाई:
स्क्रीनिंगचंही बोला की कुणीतरी. टाटा मेमोरियलने मुंबईत 1998 पासून दीड लाख बायकांवर अभ्यास केला, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या, मॅमोग्राफी नाही. रिझल्ट 2021 मध्ये आला, पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास 30 टक्के कमी, त्याखालच्या वयात मात्र मृत्यूत तसा फरक दिसला नाही. आपल्याकडचा एवढा मोठा पुरावा हातात असताना सरकारी कार्यक्रमात तपासणी पाच वर्षांनी एकदा, तीही किती जणींची होते देव जाणे. असा सल्ला ठासून द्यायला अकॅडमीच पाहिजे, तिचं वजन वेगळं पडतं.

निशिगंध:
खूप आभार सगळ्यांचे. पण सल्ला पाळला गेला का हे कोण बघणार?

तालुक्याचा_डॉक्टर:
डब्ल्यूएचओने 2021 मध्ये माप दिलंय ना, 60 टक्क्यांहून जास्त केसेस पहिल्या दुसऱ्या स्टेजला सापडाव्यात, पहिल्यांदा दाखवल्यापासून 60 दिवसांत निदान व्हावं, आणि 80 टक्के बायकांनी ट्रीटमेंट पुरी करावी. अकॅडमीने जिल्ह्याजिल्ह्याचे हे तीन आकडे दरवर्षी सरकारकडे मागावेत आणि छापावेत. मधला आकडा तर आधी, मावशींचे महिने तिथेच गेले.

स्लाइड_बघणारी:
निशिगंध, मावशींच्या स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लॅबमधून मागून नीट ठेवा, सेकंड ओपिनियनला तेच लागतात.