रेवदंडा आणि कुडा: होडीतून उतरून पायी काय पाहावे?

प्रश्न: डिसेंबरात आम्ही चौघे शिडाच्या होडीने अलिबागहून मुरूडकडे जाणार असून वाटेत जुने अवशेष पायी पाहायचे आहेत. कुठे उतरावे?

उत्तर १: रेवदंड्याला. पोर्तुगीजांचा आणि १७४० मध्ये मराठ्यांकडे आलेला हा कोट आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत विखुरलेला आहे, म्हणून आत शिरण्यापूर्वी वाडीवाल्यांना अवश्य विचारा.

उत्तर २: माझ्या मते कुडा लेणी मुळीच चुकवू नयेत. राजपुरीच्या खाडीकाठच्या डोंगरातील या बौद्ध लेण्यांच्या ब्राह्मी लेखांत माळी, वैद्य अशा साध्या दात्यांची नोंद आहे. ती अक्षरे पाहताना मी फार हेलावलो. मात्र भरती साधूनच खाडीत शिरा, कारण ओहोटीला आमची होडी चिखलात सहा तास रुतली होती.