उन्हाळी सुट्टी आणि कमावलेलं अंग: तुमचे अनुभव येऊ द्या

गोदाकाठची
भाच्याची बारावी संपली आणि स्वारी रोज पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर. परवा त्याची गाडी पंक्चर होती, म्हणून सोडायला मी गेले. उजाडायचं होतं तरी ट्रॅक भरलेला. भरतीची पोरं राउंड मारतायत, एका कोपऱ्यात दोघी मुली आळीपाळीने एकमेकींचे पाय धरून सिटअप्स काढतायत. मी तिथेच बसून राहिले आणि पंचवटीतल्या आमच्या सुट्ट्या आठवल्या.

शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी अण्णा आम्हा भावंडांना व्यायामशाळेत नेऊन सोडायचे. मुलं पुरलेल्या मल्लखांबावर, मुली दोरीच्या. एरंडेल चोळलेल्या त्या लाकडाचा वास अजून नाकात आहे. दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरून वर चढायचं. सुरुवातीला ती बेचकी सोलून निघते, चप्पल घालवत नाही. आई रात्री खोबरेल लावायची. हळूहळू तिथली कातडी घट्ट होते आणि एक दिवस अढी मारून, म्हणजे दोरी पायांत पकडून, दोन्ही हात सोडता येतात. उलटं लटकून खाली उभ्या मैत्रिणींकडे बघताना जो आनंद झाला, तो मला पुढे कुठल्या मार्कशीटने दिला नाही.

मल्लखांबाला पुन्हा उभं करणारे बाळंभटदादा देवधर आपल्याच जिल्ह्यातल्या कोठुऱ्याचे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले. व्यायामशाळेतले सर हे इतक्या अभिमानाने सांगायचे की आम्ही आपोआप ताठ उभे राहायचो. अंग घडतं ते सोबतीने, असं माझं ठाम मत आहे. एकटीने घरी मी कधीच एवढं केलं नसतं. तुमचं सांगा.

निफाडकर
विहीर! दुसरं काय. चुलत्यांनी पाठीला सुकलेला भोपळा बांधला आणि दिलं ढकलून. आठवडाभरात भोपळा सुटला, मग दिवसभर मुटके आणि सूर. आमच्या विहिरीला पायऱ्या नाहीत, दगडांच्या खाचा धरून वर यायचं. दंड भरले ते तिथे.

आणि एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा. पाट्या भरायच्या, डोक्यावर घेऊन कांदाचाळीत ओतायच्या, परत शेतात. मागच्या वर्षी जिमवाल्या पुतण्याला नेला. दुपारी हात वर होईनात त्याचे. पण दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी सहाला हजर. फार कौतुक वाटलं पोराचं.

विहिरीवरून आठवलं, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा आपला दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. सैन्यात गेल्यावर वल्हं हातात घेतलं आणि २०१६ ला थेट रिओ ऑलिंपिक.

सिडकोवासी
@निफाडकर कांदा काय भावाने गेला यंदा?

निफाडकर
विचारू नका दादा. चाळीतच आहे अजून.

सिडकोवासी
अरेरे. थांबा थोडं, निघेल भाव.

मिसळप्रेमी_नाशिक
पहाटे पांडवलेणी चढायची, लेण्यांपाशी टेकायचं, शहर जागं होताना बघायचं, उतरलं की गँगसोबत मिसळ. वजन इंचभर हललं नाही पण दमसास जबरदस्त वाढला. कॉलेजात बॅडमिंटनला तोच कामी आला. पायऱ्या पळत चढायच्या, उतरताना मात्र चालत. उतरताना पळालात की गुडघे बोलतात.

अंजनेरी_भटक्या
+१ पांडवलेणी. आमचा क्रम ठरलेला: आधी पांडवलेणी, मग चामरलेणी, मग रामशेज, मे अखेरीला अंजनेरी. हरिहर उन्हाळ्यात करायचाच तर उजाडताच चढायला लागा आणि ऊन तापायच्या आत खाली या. त्या उभ्या पायऱ्यांचा कातळ तापला की हात टेकवत नाही.

सातपूरची_आई
सगळ्यांचे अनुभव वाचून छान वाटलं. माझी मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० मार्कांचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी. पळण्यात चांगली आहे, गोळ्यात मार खाते. आमच्या भागात गोळा शिकवणारं कोणी नाही. शिवाय वर्गातल्या एका मुलीने सांगितलं म्हणून आता रेनकोट घालून पळते, म्हणे वजन लवकर उतरतं. मला भीती वाटते. पोळी भाजतेय, नंतर वाचते सगळं.

डॉक्टर_मावशी
@सातपूरची_आई रेनकोट आजच बंद करा. काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी असतं, चरबी नव्हे. घोटभर पाणी प्यायलं की परत येतं. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही आणि उष्माघात होतो. मी अशी धडधाकट पोरं स्ट्रेचरवरून आलेली पाहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगते.

उन्हाची सवय व्हायला अंगाला एक-दोन आठवडे लागतात, तोवर रोज थोडं थोडं वाढवायचं. घरी साखर-मिठाचं पाणी करून पाजा: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. चक्कर, मळमळ झाली की सावलीत आडवं करा, ओलं फडकं, वारा. बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर वाट न बघता १०८.

सातपूरची_आई
खूप आभार मावशी. तिला हेच वाचून दाखवलं. रेनकोट काढून ठेवलाय.

हरसूलचा_गुरुजी
आमच्या पट्ट्यात उन्हाळा म्हणजे डोक्यावर हंडा आणि झऱ्यापर्यंतची चढण. पोरींचे पाय काटक असतात ते त्यामुळे, पण तो व्यायाम त्यांनी निवडलेला नाही. नळ दारात यावा आणि पोरींनी हौसेने पळावं, असं मनापासून वाटतं. सावरपाड्याची कविता राऊत याच डोंगरातली. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये तिने दहा हजार मीटरला कांस्य आणलं, तेव्हापासून इथल्या आईबापांनी पोरींना पळायला अडवणं कमी केलं. सुट्टीत मी मुलींना बंधाऱ्याच्या रस्त्यावर पळवतो. बूट लागतात. कुणाकडे चार-पाच नंबरचे वापरलेले पण धड असतील तर सांगा.

गोदाकाठची
गुरुजी, भाचीचे आहेत दोन जोड. बाकीचे मैत्रिणींकडून गोळा करते. मेसेज करते.

मिसळप्रेमी_नाशिक
माझ्याकडून नवे दोन जोड धरा गुरुजी.

देवळालीकर
सुट्टीत एका जिममध्ये धाकट्या भावाला पहिल्याच आठवड्यात पावडरीचा डबा घ्यायला लावला. लेबल धड नाही, बिल नाही. तोंडावर फोड आले, झोप उडाली. आईने डबा उचलून फेकला आणि भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ, अंडी सुरू केली. आता तोच भाऊ मित्रांना जोर-बैठका शिकवतो. पोरांनो, सहा आठवड्यांत दंड फुगवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

सिडकोवासी
नाचणीची आंबील विसरू नका कुणी. पळून आल्यावर गार आंबील आणि कांदा, पोट शांत.

भरती_२१
@सातपूरची_आई काकू, उशिरा वाचलं. गोळा तळहातावर नाही घ्यायचा, बोटांच्या मुळाशी घ्यायचा. मानेला टेकवायचा, कोपर उचललेलं. आणि फेकायचा नाही, ढकलायचा. जोर पायातून येतो, त्यामुळे आधी वाकलेले गुडघे सरळ होतात, मग कंबर फिरते, हात सगळ्यात शेवटी. आमच्या ग्रुपमध्ये तीन मुली आहेत, त्यातली एक गोळा छान टाकते.

सातपूरची_आई
कुठे असता तुम्ही? आणि किती वाजता? मी सोबत येईन तिच्या.

भरती_२१
गोल्फ क्लबला, साडेपाचला. या की काकू. चार किलोचा गोळा आहे आमच्याकडे, आणायची गरज नाही. तिला फक्त रिकाम्या पोटी आणू नका, एक केळं खाऊन येऊ दे.