वकील आले नाहीत म्हणून फौजदारी अपील फेटाळलं, सल्ला हवा

कृष्णाकाठ: चेक बाऊन्सच्या खटल्यात दिरांना सहा महिन्यांची शिक्षा झालीय. सत्र न्यायालयात अपील होतं. वकील लागोपाठ तारखांना गेले नाहीत, आणि "अपीलदार गैरहजर" एवढ्यावर ते फेटाळलं. आता वॉरंट निघेल म्हणतात. आम्ही पश्चिम महाराष्ट्रातले. वकील कोण बघू? २० हजारांच्या वर जमणार नाही.

बाबा_पुणे: मुंबईतला सीनियर धरा. आमचे दीड लाख गेले, पण काम झालं.

निवृत्त_शिरस्तेदार: ताई, दिवाणी अपिलासारखं फौजदारी अपील गैरहजेरीत काढून टाकता येत नाही. बानी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश, सर्वोच्च न्यायालय, १९९६. अपील दाखल करून घेतलं की वकील असो नसो, रेकॉर्ड वाचून गुणदोषांवरच निकाल द्यायचा. मात्र त्याच न्यायालयात पुन्हा अर्ज करू नका, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६२ आडवं येतं, दिलेला निकाल तेच न्यायालय बदलू शकत नाही. हायकोर्टात रिव्हिजन, म्हणजे निकालाच्या फेरतपासणीचा अर्ज करा, मुदत ९० दिवस. सोबत शिक्षेच्या स्थगितीचा अर्ज. सर्टिफाइड नक्कल आजच मागा.

कलमबहाद्दर: ३६२ आता कुठलं? १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. कलम ४०३ म्हणा.

निवृत्त_शिरस्तेदार: त्या तारखेला प्रलंबित असलेली अपिलं जुन्याच कायद्याने चालतात. यांचं कधीचं ते कुठे माहीत आहे?

रानवारा: आमचे वडील अपील चालू असतानाच गेले. वकिलाने सांगितलं, प्रकरण संपलं. संपलं नव्हतं! कैदेची शिक्षा असेल तर जवळच्या नातेवाइकाला ३० दिवसांत अर्ज करून अपील पुढे चालवता येतं. आमचे दिवस निघून गेले, वडिलांवरचा डाग तसाच राहिला.

बाबा_पुणे: म्हणूनच म्हणतो, सीनियर धरा.

पंचगंगा: मुंबई कशाला? १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गही तिथेच. पैशांची अडचण असेल तर मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाला १५१०० वर फोन करा. आणि बानी सिंगचा निकाल दाखवा.

निवृत्त_शिरस्तेदार: तो मी वर दिलाच आहे. पण अपील परत आलं तरी गाफील राहू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या पांडुरंग निकालानुसार वकील नसतानाही न्यायालय रेकॉर्ड वाचून तुमच्याविरुद्ध निकाल देऊ शकतं.

सह्याद्री७: फिर्यादीचे पैसे देऊन तडजोड करा. चेकच्या केसमध्ये ती कधीही होते.

कृष्णाकाठ: सगळ्यांचे आभार. नक्कल मागितली. दीर जुन्याच वकिलांकडे जाणार, रिव्हिजन ते फी न घेता करतो म्हणालेत. कोल्हापूरच्या तारखांना मी स्वतः जाणार आहे.