मोटारचोरीची एनसी केली, अन् तक्रार फिरून त्याच ठाण्यात आली

गोदाकाठचा शेतकरी
रामराम मंडळी. विहिरीवरची पाच एचपीची मोटार केबलसकट चोरीला गेली, ऐन हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी. ठाणे अंमलदारानं एफआयआरऐवजी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) हातात ठेवली. त्यात लिहिलंय, ‘जुनी वापरती मोटार, अं. किं. 4,500 रु.’ मी 26,000ला घेतलेली, पावती आहे. बोलायला लागलो तर अरे-तुरे करून बाहेर काढलं. एसपी ऑफिसला अर्ज दिला, तो चौकशीला त्याच ठाण्यात आला. ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याच्याच शेजारच्या टेबलावर माझा जबाब घेतला. आता म्हणतात, ‘तक्रार नाही’ असं लिहून द्या. द्यावं का?

निवृत्त फौजदार, लातूर
भाऊ, अजिबात देऊ नका. तुमची सही झाली की अर्ज दप्तरी दाखल, म्हणजे प्रकरण बंद.
4,500चा आकडा उगीच आलेला नाही. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. किंमत खाली आणली की तपास नको, अन् क्राइम मीटिंगला चोऱ्यांचा आकडाही वाढत नाही. चांगला ठाणेदार सकाळी एनसीचं रजिस्टर स्वतः वाचायचा अन् अशी नोंद दिसली की अंमलदाराला समोर उभं करायचा. वरून कुणी विचारतच नसेल तर खालच्यांना सवय लागते, हे मी डोळ्यानं बघितलंय.
अर्ज दोन करा. एक गुन्हा नोंदवण्यासाठी, पावती जोडून, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173(4) लिहून, एसपींना पोस्टानं. दुसरा फक्त वागणुकीचा, चौकशी त्या ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडं द्या म्हणून. एकाच कागदावर दोन्ही लिहिलं तर गुन्हा नोंदवून घेतात अन् वागणुकीचा विषय तिथंच बुडतो.

वकीलताई, अंबाजोगाई
काकांचं अगदी बरोबर. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारी निकाल, 2013. एसपींनीही दाद दिली नाही तर कलम 175(3)खाली मॅजिस्ट्रेटसमोर जाता येतं. आणि दादा, सीसीटीव्हीचं विसरू नका. परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2020 साली सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलेत. त्या दिवसाची तारीख-वेळ टाकून फुटेज जपून ठेवा, अशी लेखी मागणी आजच करा.

परभणीकर
पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पोलीस तक्रार प्राधिकरणाकडं गेलं तर?

निवृत्त फौजदार, लातूर
ते सुप्रीम कोर्टाच्या 2006च्या प्रकाश सिंह निकालातून आलं. कोठडीतला मृत्यू, जबर मारहाण, बेकायदा डांबणं, खंडणी असल्या गंभीर गोष्टींसाठी आहे. शेतकरी भाऊंचं काम आधी एसपींकडंच. पोस्टाची पावती अन् पोच सांभाळून ठेवा.