मदत हवी आहे : डिटेक्टरची कॉइल बदलल्यापासून मशीन सारखं ओरडतंय (बोरमाळेचे मणी, उसाचं रान)

नमस्कार मंडळी. आधी काम सांगतो, म्हणजे घाई का आहे ते कळेल.

पंधरा दिवसांमागं उसात भांगलताना आमच्या आत्तीची बोरमाळ तुटली. आजीनं गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात करून घेतलेली, आत्तीच्या लग्नातली. मणी एकूण ३८. त्याच दिवशी बायकांनी गुडघ्यावर बसून २७ वेचले. उरलेले ११ पाच सऱ्यांत कुठंतरी आहेत. रान करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या मळईला लागून, काळी जमीन, आडसाली लावण. पुढच्या आठवड्यात भरणी आहे. पॉवर टिलरनं माती एकदा उसाच्या बुडाला चढली की मणी वीतभर खाली जाणार, आणि ऊस तुटेपर्यंत तिथं हात घालायची सोय नाही.

माझ्याकडं गॅरेट एस २५० हे मेटल डिटेक्टर आहे, ६.५ किलोहर्ट्झवर चालणारं. गावात कुणाची अंगठी, कुणाचं पैंजण हरवलं की मी जातो, पैसे घेत नाही. मूळच्या ६.५ × ९ इंची कॉइलनं (दांड्याच्या टोकाची, धातू हुडकणारी चकती) पहिल्या दोन दिवसांत ५ मणी काढले. मग उसाला एक पाणी दिलं आणि त्यानंतर एकही लागला नाही. मणी चिखलात खाली गेले असतील असं वाटून मी ८.५ × ११ इंची डीडी कॉइल जुन्यात घेतली. लेबलवर याच मशीनचं नाव आहे, पिना बरोबर बसल्या.

तेव्हापासून मशीन थांबायला तयार नाही. बांधावर उभं राहिलो तरी टुकटुक, सरीत फिरवलं तरी टुकटुक. सेन्सिटिव्हिटी आठही घरं भरून ठेवली आहे. दोन ठिकाणी पक्का आवाज आला म्हणून खणलं, तर खड्डा रिकामा आणि वस्तू चार बोटं बाजूला: एकदा बैलाच्या पायाची पत्री (नाल), एकदा कीटकनाशकाच्या बाटलीचं चंदेरी सील.

कॉइल खराब आहे, की बसवताना माझं काही चुकलं? आत्ती रोज संध्याकाळी बांधावर येऊन उभी राहते. विचारत काही नाही. सहा मणी राहिलेत.

प्रतिसाद (जांभा_दगड)

कॉइलला दोष द्यायच्या आधी तीन गोष्टी कर, याच क्रमानं.

एक. मशीन जमिनीपासून कमरेइतकं वर धर आणि हलवू नकोस. तरीही ओरडलं तर मातीचा संबंध नाही. बाहेरची वीज शिरतेय किंवा जोडात खोट आहे. जवळ पंपाची लाइन आहे का? खिशात मोबाइल आहे का?

दोन. तसंच वर धरून केबल हातानं हलव. हलवल्यावर आवाज आला तर केबल सैल गुंडाळलीय किंवा जोड नीट बसलेला नाही.

तीन. दोन्ही वेळा गप्प राहिलं आणि जमिनीवर फिरवल्यावरच ओरडलं, तर माती. एस २५० मध्ये ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा आवाज वगळायची जुळणी) हातानं जुळवता येत नाही, तो कारखान्यातनं ठरवून आलेला असतो. आपली माती बेसॉल्टची, लोहाचे कण भरपूर. त्यात पाणी आणि खताची मात्रा पडलेली असली की ओली माती वीज वाहते आणि तिचाच आवाज येतो. वाफसा आल्याशिवाय फिरू नकोस.

कॉइल बदलताना मशीन बंद होतं ना? चालू मशीनची कॉइल काढू नये. आणि जोडाची रिंग बोटांनीच आवळायची, पक्कड लावायची नाही. रिंग तिरकी चढली तर हाताला घट्ट लागते पण पिना अर्ध्याच आत जातात. जुन्यात घेतलीस म्हणतोस, तर पिना भिंगाखाली बघ, हिरवट झाल्या असतील. शिवाय कॉइलखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून आतला वाळलेला चिखल धू. तो आत राहिला तर जमीन कॉइलला कायमची चिकटल्यासारखं होतं.

धागाकर्ता

दादा, रात्री पावणेदहाला रानात जाऊन केलं. शेजारच्या विहिरीवर तीन फेजची लाइन आहे, डोक्यावरनंच गेलीय. शेतीची लाइट असताना मशीन वर धरलं तरी टुकटुक. दहाला लाइट गेली आणि निम्म्याहून जास्त आवाज गेला! मी थक्क झालो. जुन्या कॉइलला हा त्रास का नव्हता?

दुसऱ्या चाचणीत केबल हलवल्यावर आवाज आला. रिंग उघडली तर खरंच एक आटा तिरका चढला होता. पिना स्वच्छ आहेत. मशीन बंदच होतं, तेवढं मी पाळतो.

प्रतिसाद (जांभा_दगड)

मोठी कॉइल म्हणजे मोठी अँटेना. बाहेरची वीजही जास्त ओढते. सेन्सिटिव्हिटी पाच घरांवर आण. आठ घरांवर ओरडणाऱ्या मशीनपेक्षा पाचवर गप्प असलेलं मशीन जास्त खोल सांगतं, कारण खरा आवाज ऐकू येतो.

केबल गुंडाळताना पहिला वेढा दांड्याच्या वरनं घे. कॉइलजवळ ती वरखाली झुकेल एवढीच ढील ठेव, बाकी सगळी दांड्याला घट्ट. सैल वेढा कॉइलवर लोंबला तर मशीनला तो धातूच वाटतो. नट आवळताना दोन्ही रबरी वॉशर जागेवर आहेत ना बघ.

प्रतिसाद (सरी_वरंबा)

भावा, जोड आणि केबल नीट कर, पण मला मूळ निवडच पटत नाही. बोरमाळेचा मणी म्हणजे आत लाख आणि वरनं सोन्याचा पातळ पत्रा. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा ऐवज. मोठी कॉइल खोल जाते ती नाण्याला, भांड्याला. एवढ्याशा मण्याला तिचा उपयोग उलटा होतो: तिच्याखाली माती जास्त आणि मणी त्यात हरवतो.

रिकाम्या खड्ड्यांचंही कारण तेच. तुझी जुनी कॉइल कॉन्सेंट्रिक, तिचं क्षेत्र उलट्या शंकूसारखं, टोक मधोमध. डीडीत दोन इंग्रजी डी एकमेकांवर चढवलेले असतात आणि ती पुढून मागं एका पट्टीत बघते. मधल्या बिंदूवर भरवसा ठेवून खणलंस की चुकतोस. आवाज लागला की कॉइल हळूहळू मागं ओढ. आवाज तुटला की वस्तू पुढच्या टोकासमोर. डीडी वाईट नाही, आपल्या लोहमिश्रित जमिनीत तीच गप्प राहते. पण मग ५ × ८ इंचीची घे, सरीत पानांना न लागता फिरते.

आणि आधी घरी एक करून बघ. आत्तीकडचा एक मणी माग, दोरा बांधून त्याच रानातल्या मातीत पुर, दोन्ही कॉइल फिरव. आकडे इथं लिही.

धागाकर्ता

केलं. आत्तीनं मणी देताना पदराच्या गाठीतनं सोडून दिला, हातात ठेवून मूठ मिटली.

बादलीत नाही, रानातच, लाइट नसताना, वाफशावर. मोठ्या कॉइलला मणी दोन इंचांवर लागला, त्याखाली काही नाही. जुन्या लहान कॉइलला तीन इंचांच्या जरा खाली. म्हणजे मी पैसे घालून एक इंच घालवला होता. दोन्हींवर तो पडद्यावर डावीकडं, लोखंडाच्या शेजारच्या घरात येतो, आणि बाटलीचं सीलही तिथंच. ज्वेलरी मोडमध्ये लोखंड गाळलं तर मणी कधी बोलतो, कधी नाही. ऑल मेटलवर, म्हणजे कुठलाच धातू न गाळता, प्रत्येक वेळी बोलला. मी पहिल्या दिवसापासून ज्वेलरीवर होतो.

तेव्हा जुनी कॉइल परत चढवली, या वेळी रिंग सरळ. सगळं ऑल मेटलवर, प्रत्येक आवाज उकरायचा, खिळा असो नाहीतर सील.

प्रतिसाद (वाट_पन्हाळ्याची)

कामाला शुभेच्छा. नवख्या वाचकांसाठी एक लिहितो, कारण असा धागा वाचून लोक मशीन घेऊन गडावर जातात. स्वतःच्या रानात स्वतःची वस्तू शोधणं वेगळं. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, तिथं खणणं गुन्हा. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. ब्रह्मपुरीतच मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात बघायला मिळते. तिथली माती एकदा उकरली गेली की कुठली वस्तू कुठल्या थरातली हे कुणालाच सांगता येत नाही. आणि १८७८ च्या कायद्यानं जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

धागाकर्ता

अगदी बरोबर. मलाही दोघातिघांनी गडावर चल म्हणून विचारलं होतं. मी नाही म्हणालो आणि पुढंही नाहीच म्हणणार.

आजची खबर. पहाटे साडेपाच ते साडेआठ, लाइट यायच्या आधी, तीन सऱ्या झाल्या. औषधाची सीलं ९, खिळे आणि रोटरच्या पात्याचे तुकडे १४, गोळ्यांच्या पाकिटाचा एक चुरगळलेला तुकडा, आणि मणी २. दोन्ही वरंब्याच्या उतारावर, अडीच इंचांवर. पाण्यानं ते फार खाली गेलेच नव्हते, उतारावरनं घसरून बाजूला सरकले होते. मी सरीच्या तळात शोधत बसलो होतो.

चार राहिले. भरणीवाल्याला फोन करून चार दिवस पुढं ढकलायला सांगितलंय, तो हो म्हणाला. उद्या उरलेल्या दोन सऱ्यांत आधी उतार घेणार, मग तळ. कुणाकडं ५ × ८ ची डीडी पडून असेल आणि दोन दिवसांपुरती देता येत असेल तर सांगा, कोल्हापुरात कुठंही येऊन घेऊन जातो.