आईच्या गुडघ्यांसाठी एमएसएम चालू करावं का?

कृष्णाकाठ:
वहिनीने अमेरिकेहून आईसाठी एमएसएमच्या गोळ्यांचा डबा आणलाय, सांधेदुखीवर घेतात ते गंधक असलेलं पूरक. आई 68 वर्षांची, गुडघे झिजलेत, मांडी घालून बसणं बंद झालंय. तिला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे. मागे लघवीच्या इन्फेक्शनला गोळी दिली तर अंगभर पुरळ उठलं होतं. शिवाय हृदयाची झडप बदलल्यापासून वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. वहिनी रोज फोन करते, "दिलंस का? नैसर्गिक गंधक आहे रे!" काय करू?

मेडिकलवाला_मिरज:
माझं मेडिकल आहे, मी डॉक्टर नाही. सल्फाची काळजी सोडा. अ‍ॅलर्जी सल्फोनामाइड गटातल्या औषधांची असते, गंधकाची नव्हे. गंधक कांदा-लसणात, अंड्यात, डाळीत, आपल्या केसांत-नखांतसुद्धा आहे. एमएसएम त्या गटात बसत नाही. 'नैसर्गिक'चं म्हणाल, तर डब्यातलं कारखान्यातच बनतं. त्यात वाईट काही नाही, पण कौतुकही नको.
घोडं अडतं ते वॉरफेरिनपाशी. डब्याच्या मागे ग्लुकोसामाइन (सांध्यांसाठीचं दुसरं पूरक, एकाच गोळीत असू शकतं) लिहिलंय का बघा. वॉरफेरिन आणि ग्लुकोसामाइन एकत्र घेऊन आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. आणि ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात. आई माळकरी असतील तर घरात महाभारत!

जिना_नको:
मी नुसती एमएसएमची पावडर घेते, 3 ग्रॅम, जेवणानंतर. कडूजहर. सुरुवातीला पोट गुबारलं, मग बसलं. दुखणं थोडं कमी आहे, पण फिजिओचे व्यायामही तेव्हाच सुरू केले, आता श्रेय कुणाला द्यायचं? अमेरिकेत 2006 साली 50 जणांवर चाचणी झाली होती, रोज 6 ग्रॅम, 12 आठवडे. दुखणं कमी झालं, पण सांध्यांचा ताठरपणा होता तसाच. एवढ्याशा चाचणीवर डब्याची किंमत पटत नाही. संपला की मी बंद करणार.

कृष्णाकाठ:
बघितलं. ग्लुकोसामाइन आहे, खाली बारीक अक्षरात 'शेलफिश'ही आहे. आई पक्की माळकरी. वहिनीला सांगायचं काम दादाकडे दिलंय. जिना_नको ताई, ते व्यायाम कोणते?

जिना_नको:
खुर्चीत ताठ बसून एक पाय समोर सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, हळू खाली. मग दुसरा. मला सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा सांगितलेत. आईंचं ऑपरेशन झालंय ना, मग आधी त्यांच्या फिजिओला दाखवून घ्या. आणि श्वास रोखायचा नाही, आकडे मोठ्याने मोजायला लावा.