कारखान्याच्या नेटवर्कवरून घरचा संगणक उघडण्यात गैर काय?

मूळ मुद्दा (टिळकवाडी, बेळगाव)

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी हिशेब पाहतो. शहापूरला मामांचे कापडाचे दुकान आहे आणि त्यांची टॅली, म्हणजे हिशेबाचे सॉफ्टवेअर, माझ्या घरच्या संगणकावर असते. परवा २० तारखेला, म्हणजे जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, मामांनी दुपारी फोन करून एका खरेदी बिलाचा आकडा विचारला. जेवणाच्या सुटीत रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरचा संगणक इथून चालवण्याच्या सोयीने, घरचा संगणक उघडायला गेलो, तर जोडणीच होईना, कारण कारखान्याची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची ये-जा अडवणारी यंत्रणा, त्यासाठी लागणारे ३३८९ हे पोर्ट (जोडणीचे क्रमांकाचे दार) बाहेर जाऊ देत नाही. वेबसाइटांसाठीचे ४४३ मात्र खुले आहे, ते बंद केले तर बँकेचे पानही उघडणार नाही. घरचा रिमोट डेस्कटॉप ४४३ वर नेऊन ठेवावा, असा माझा विचार आहे. संगणक माझा, सुटी माझी, कारखान्याचा एक कागदही मी हलवत नाही. तेव्हा यात काही गैर आहे असे मला वाटत नाही.

प्रतिसाद (निपाणी)

संगणक तुमचा आणि सुटी तुमची हे मान्य, पण तार कारखान्याची आहे, आणि वाद तिच्याविषयीच आहे. मी काही वर्षे एका कारखान्याचे नेटवर्क सांभाळले आहे. रिमोट डेस्कटॉप ही नुसती पाहण्याची खिडकी नसते. इकडे कॉपी केलेले तिकडे पेस्ट होते, आणि इकडची ड्राइव्हही तिकडे जोडता येते. तुमच्या टेबलावरच्या संगणकात गिऱ्हाइकांच्या कास्टिंगची ड्रॉइंगे असतील, तर ती आणि घरी कोणी फुकटात उतरवून घेतलेले, व्हायरस असू शकणारे गेम यांच्यामध्ये तुमच्या सद्हेतूखेरीज काहीच आडवे उरत नाही. शिवाय पोर्ट बदलल्याने काम लपते हा भ्रम आहे. रिमोट डेस्कटॉपच्या संभाषणाची सुरुवात साध्या वेबपानासारखी होत नाही, त्यामुळे आत डोकावणारी फायरवॉल ते पहिल्या काही बाइटांतच ओळखते. मग तुम्हाला बोलावून घेतील, तेव्हा मामांच्या बिलाची गोष्ट कोण ऐकणार? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे कलम ४३ परवानगीवाचून दुसऱ्याचे नेटवर्क वापरण्याबद्दलच आहे, हेही ध्यानात असू द्या.

प्रतिसाद (खानापूर)

निपाणीच्या मित्रांचे तांत्रिक म्हणणे बरोबर आहे, पण न्यायाचे नाही. आमच्याकडे रात्री नऊ वाजता फोन येतो आणि घरच्या संगणकावरून ऑफिसचा संगणक उघडून डिस्पॅचचा कागद काढून द्या म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांनी घरच्याच संगणकांवर एनीडेस्क हे दूरचा संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर टाकून काम ओढले. त्या वेळी घरी कोणी फुकटचे गेम उतरवले आहेत का, हे एकाही साहेबांनी विचारले नाही. ऑफिस रात्री आमच्या घरात बिनदिक्कत येते आणि दुपारी दहा मिनिटे आमचे घर ऑफिसात आले की सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो. हा नियम सुरक्षेचा कमी आणि वरचढपणाचा जास्त आहे.

प्रतिसाद (निपाणी)

रात्रीच्या फोनाबद्दल तुमची चीड रास्त आहे, पण त्या वेळी मालकाने आपले दार आपल्या हाताने उघडलेले असते. इथे आपण ते त्याला न विचारता उघडतो आहोत. आता घरच्या बाजूचेही पाहा. इंटरनेटवर उघडा टाकलेला रिमोट डेस्कटॉप किती धोक्याचा असतो, हे २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप या दोषाने दाखवून दिले. तो इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. त्यातून घरच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेटवर दिसणारा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, आणि राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडले तरी बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. दोन्ही टोकांनी बाहेरच्या सर्व्हरला जोडणारी, एनीडेस्कसारखी सॉफ्टवेअरे ही अडचण टाळतात. म्हणूनच कारखाने ती नावानिशी बंद करतात.

प्रतिसाद (कॅम्प, बेळगाव)

स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर पाहावे. एका बिलाच्या आकड्याला तेवढा पडदा पुरतो.

मूळ लेखक

मोबाइलवर मी पाहिले असते, पण शेडच्या पत्र्याखाली रेंज फाटकापाशी गेल्याशिवाय येत नाही, आणि सुटी अर्ध्या तासाची आहे. खानापूरकरांचे म्हणणे मला अजूनही पटते. तरी ४४३ चा बेत सोडून व्यवस्थापकांकडे अर्ज देतो. एकाच संगणकावरून, ड्राइव्ह आणि कॉपी-पेस्ट बंद ठेवून परवानगी मिळते का ते पाहू.

प्रतिसाद (निपाणी)

अर्ज द्याच. एक विचारायचे राहिले: दुपारी घरचा संगणक चालू असतो का?

मूळ लेखक

नाही. मी फोन केला की आई बटण दाबते.

प्रतिसाद (खानापूर)

अहो, मग आकडाही त्यांनीच वाचून सांगितला असता की!

मूळ लेखक

शेवटी तसेच झाले. टॅलीतले कोणते बटण दाबायचे हे सांगण्यातच बारा मिनिटे गेली.